बॅटरीवरची स्मृती आणि कृतप्रणाशाचा प्रश्न

कार्ट्रिजवर चालणाऱ्या जुन्या व्हिडिओ गेममध्ये जपून ठेवलेला खेळ एखाद्या दिवशी नाहीसा होई. खेळणाऱ्याने कित्येक आठवडे शत्रू मारून, गुहा धुंडाळून, नाणे नाणे साठवून जिथवर मजल मारलेली असे तो टप्पा यंत्र सुरू करताच सापडत नसे. पडद्यावर रिकामी जागा दिसे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. या साध्या घटनेत भारतीय दर्शनांनी हजाराहून अधिक वर्षे लावून धरलेला एक प्रश्न आहे. केलेले कर्म फळ देण्याआधीच नष्ट झाले तर काय? दर्शनांच्या परिभाषेत या दोषाला कृतप्रणाश म्हणतात. त्याचा जोडीदार दोष अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ पदरात पडणे. कर्म आणि फळ यांचा संबंध सांगू पाहणाऱ्या प्रत्येक मताला या दोन्हींतून सुटून दाखवावे लागते. खेळ रचणाऱ्यांपुढेही हेच दोन दोष उभे राहिले, फक्त आधी दुसरा आणि मग पहिला.

अगदी सुरुवातीला अडचण नव्हती. निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये बाजारात आले. त्याच्या कार्ट्रिजमध्ये कारखान्यातच भरलेली, फक्त वाचता येणारी स्मृती असे. खेळाचे नियम, चित्रे आणि संगीत तीत कायमचे असत. खेळणाऱ्याने काय केले हे टिपून ठेवायला तीत जागाच नव्हती. १९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' असाच आहे. १९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत जे 'टीव्ही गेम' आले ते बहुतेक याच यंत्राच्या नकला होत्या आणि त्यांच्या 'कॅसेट'मध्ये बॅटरी क्वचितच असे. मारिओ किंवा 'कॉन्ट्रा' शेवटाला आलेला असताना वीज गेली की सगळे गेले. तरी दुसऱ्या दिवशी तोच मुलगा आदल्या दिवसापेक्षा लवकर तिथवर पोचे, कारण उडी कुठे मारायची आणि कुठे थांबायचे हे त्याच्या बोटांत उतरलेले असे. न्यायवैशेषिकांनी आत्म्याचा भावना नावाचा संस्कार सांगितला आहे, अनुभवातून उमटणारा आणि पुढे स्मरणाला कारण होणारा. मारिओसारख्या खेळात केलेल्या कर्माला हा एवढाच आश्रय आहे, आणि तो खेळणाऱ्याच्या आत आहे.

मे १९८६मध्ये आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने ही स्थिती बदलली. युजी होरिई यांनी रचलेल्या या खेळात हाताच्या चपळाईला फारसे काम नाही. नायक राक्षसांना मारतो, त्याला अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की त्याची पातळी वाढते आणि त्याचे बळ वाढते. तो पुढची लढाई जिंकेल की नाही हे मुख्यतः या आकड्यांवर ठरते. म्हणजे खेळणाऱ्याने घातलेल्या वेळाचा मोठा भाग त्याच्यात न साठता नायकाच्या नावावर साठतो. आकडे कुठेतरी टिकवणे भागच होते. त्यासाठी पहिला उपाय योजला गेला तो शब्दांचा. खेळातल्या राजाकडे गेले की तो वीस हिरागाना अक्षरांचा एक 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगे. तो कागदावर उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा यंत्रात भरायचा. १९८७च्या दुसऱ्या भागात नायक तीन झाले आणि मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. टीव्हीच्या पुसट पडद्यावर सारख्या दिसणाऱ्या दोन अक्षरांत गफलत झाली की मंत्र फुकट जाई. वेदपाठींनी पद, क्रम, जटा, घन असे पाठ बांधले ते अशीच चूक पकडण्यासाठी. मंत्रातही चूक ओळखण्याची सोय होती, पण चूक कुठे आहे ते यंत्र सांगत नसे.

मंत्राचा खरा दोष मात्र वेगळाच होता. त्यात कर्म नसते, कर्माने आणलेली अवस्था तेवढी असते. नायकाची पातळी किती, त्याच्याकडे कोणती तलवार, किती सोने, एवढेच त्या अक्षरांत गुंफलेले असते. ते कुणी, कसे आणि किती दिवसांत मिळवले याला तिथे स्थान नाही. त्यामुळे ज्याने काहीच केलेले नाही त्यालाही मंत्र फळ देतो. 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या दुसऱ्या भागाचा एक मंत्र जपानमध्ये पिढ्यांना पाठ आहे. तो भरला की 'मोयोमोतो' नावाचा नायक एकदम ४८व्या पातळीवर उभा राहतो. १९८७मध्ये अमेरिकेत कार्ट्रिजवर आलेल्या 'मेट्रॉइड'मध्ये 'जस्टिन बेली' ही अक्षरे भरली की नायिका बरीच शस्त्रे घेऊन खूप पुढच्या टप्प्यावर हजर होते. हा निखळ अकृताभ्यागम आहे. असा नायक घेऊन खेळ संपवणाऱ्याला शेवट पाहायला मिळतो. तो शेवट त्याने गाठला असे म्हणता येत नाही, आणि हे त्यालाही ठाऊक असते.

'द लेजंड ऑफ झेल्डा' फेब्रुवारी १९८६मध्ये जपानमध्ये चुंबकीय डिस्कवर निघाला होता. १९८७मध्ये अमेरिकेसाठी तो सोनेरी रंगाच्या कार्ट्रिजवर काढताना आत लिहिता-पुसता येणारी थोडीशी स्मृती आणि तीन व्होल्टची लिथियमची चपटी बॅटरी बसवली गेली. १० फेब्रुवारी १९८८ रोजी आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या तिसऱ्या भागातही मंत्र जाऊन बॅटरी आली आणि नोंदीला 'साहसाची पोथी' असे नाव मिळाले. आता नोंद त्या एका कार्ट्रिजमध्ये बांधलेली होती. ती अक्षरे ऐकून कुणालाही उचलता येईना, त्यामुळे अकृताभ्यागम बराचसा टळला. त्याच्या जागी कृतप्रणाश आला.

तो का आला हे त्या स्मृतीच्या घडणीवरून कळते. स्टॅटिक रॅम या चिपमध्ये प्रत्येक बिटसाठी चार किंवा सहा ट्रान्झिस्टर असतात. त्यांचे दोन गट एकमेकांना धरून ठेवतात: पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला जाते, दुसऱ्याचे पहिल्याला, आणि दोघे मिळून शून्य किंवा एक ही स्थिती राखतात. राखण्याला वीज लागते, अगदी थोडी पण अखंड. यंत्र चालू असताना ती यंत्राकडून मिळते, बंद असताना बॅटरीकडून. बॅटरी दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त वर्षे पुरते. तिचा दाब एका मर्यादेखाली उतरला की पकड सुटते. पुन्हा वीज आली की प्रत्येक बिट कोणत्या तरी एका बाजूला पडतोच, पण त्याचा पूर्वीच्या नोंदीशी काही संबंध नसतो.

बॅटरी शाबूत असतानाही नोंद जाऊ शके. यंत्र बंद करताना विजेचा दाब उतरत असतो आणि त्या क्षणी प्रोसेसर भरकटून स्मृतीत भलतेच लिहू शकतो. म्हणून झेल्डाच्या अमेरिकी कार्ट्रिजवर रिसेटचे बटण दाबून धरून मगच यंत्र बंद करण्याची सूचना पडद्यावर येई. 'ड्रॅगन क्वेस्ट'चा तिसरा भाग सुरू होताना नोंदीची बेरीज तपासून पाही. ती जुळली नाही की अमुक क्रमांकाची पोथी नाहीशी झाल्याचे खेदपूर्वक कळवणारा मजकूर येई. सोबत वाजे ती शापित वस्तू अंगाला चिकटल्यावर वाजणारी धून. नोंदीचा काही अंश चांगला असला तरी हा निवाडा साऱ्या नोंदीला लागू होई.

कर्म आणि फळ यांच्यामधल्या काळाचा विचार सर्वांत काटेकोरपणे मीमांसकांनी केला. यज्ञ ठरल्या वेळेत संपतो, स्वर्ग मेल्यावर मिळतो. मधल्या काळात यज्ञ कुठेच नसतो. जे अस्तित्वातच नाही ते फळ कसे देणार? त्यांनी उत्तर दिले ते अपूर्वाचे. कुमारिल भट्टांच्या मते यज्ञातून एक सामर्थ्य निपजते, ते कर्त्याच्या आत्म्यात राहते आणि फळ देईपर्यंत टिकते. या चर्चेत दर्शपूर्णमासाचे उदाहरण पुन्हा पुन्हा येते. पौर्णिमेचे तीन याग आणि अमावास्येचे तीन याग मिळून एक कर्म होते, आणि मध्ये पंधरवडा जातो. पौर्णिमेला केलेले अमावास्येपर्यंत कुणी धरून ठेवले? मीमांसकांनी पहिल्या तिघांचे एक अपूर्व, दुसऱ्या तिघांचे दुसरे आणि दोहोंतून निपजणारे परमापूर्व अशी मांडणी केली. अर्धे झालेले कर्म थांबवून पुन्हा तिथूनच पुढे न्यायचे असेल तर मध्ये काहीतरी शिल्लक राहायला हवे, ही गरज त्यांनी स्पष्ट ओळखली होती. बॅटरीने खेळात भागवली ती हीच गरज. मात्र कुमारिलांचे अपूर्व नित्य आत्म्यात राहते, त्याला बाहेरून काही पुरवावे लागत नाही. कार्ट्रिजमधली नोंद कर्त्याच्या बाहेर असते आणि तिचा आश्रय झिजणारा असतो. सारा प्रश्न आश्रयाचा आहे.

बौद्धांची अडचण मीमांसकांहून मोठी होती, कारण त्यांनी नित्य आत्माच नाकारला आणि जे जे आहे ते क्षणिक आहे असे म्हटले. बाराव्या शतकातले जैन आचार्य हेमचंद्र यांनी 'अन्ययोगव्यवच्छेदिका' या बत्तीस श्लोकांच्या स्तोत्रात त्यांच्यावर पाच आक्षेप एका दमात घेतले आहेत. सुरुवात कृतप्रणाशाने होते, मग अकृत कर्माचा भोग, मग संसाराची आणि मोक्षाची अनुपपत्ती, आणि शेवटी स्मृतिभंग. कर्म करणारा क्षण गेला, फळ भोगणारा क्षण दुसराच, तर केलेले बुडाले आणि न केलेले भोगावे लागले. अनुभव एकाचा असेल तर आठवण दुसऱ्याला कशी होईल? यातल्या कर्मफळाच्या आक्षेपाला आठव्या शतकातच शांतरक्षितांनी 'तत्त्वसंग्रह'मध्ये उत्तर दिले होते. कर्मफलसंबंधाची परीक्षा करणारे एक स्वतंत्र प्रकरण त्या ग्रंथात आहे. त्यांचे म्हणणे असे की कर्ता तोच राहण्याची गरजच नाही. प्रत्येक क्षण पुढच्या क्षणाला जन्म देतो आणि कारणांची ही परंपरा, म्हणजे संतान, अखंड राहिली तर फळ योग्य ठिकाणीच उमटते.

स्टॅटिक रॅमचा एक बिट पाहिला तर हे मत डोळ्यांसमोर उभे राहते. १९८८मध्ये लिहिलेला 'एक' दहा वर्षांनी वाचला जातो तेव्हा त्यात तीच वीज नसते. मधल्या प्रत्येक क्षणी ती स्थिती आधीच्या क्षणातून नव्याने राखली गेलेली असते. स्थिर दिसते ते वस्तुतः न तुटलेले राखणे असते. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तींच्या परंपरेत याला जोडून आणखी एक धारदार विचार आहे: विनाशाला वेगळे कारण लागत नाही. वस्तू आपल्या स्वभावानेच नष्ट होतात. नोंद गेली की घरात पहिला प्रश्न येतो तो ती कशाने पुसली, कुणी धक्का दिला, कुणी कॅसेट ओढली. धर्मकीर्तींच्या वाटेने गेले तर विचारायचे ते हे की ती इतकी वर्षे कशाने राहिली होती. बॅटरीच्या बाबतीत हा विचार अक्षरशः खरा ठरतो. वीज थांबते आणि पुसणारा कुणीही नसताना नोंद नसते.

इथवर दोन्ही पक्षांकडून एक सांत्वन तयार होते. मीमांसक म्हणेल, खरे फळ आत्म्यात साठते. बौद्ध म्हणेल, खेळणाऱ्याचे चित्तसंतान तुटलेले नाही. मग मुलाने रडावे कशाला? हे सांत्वन घाईचे आहे. अशा खेळात कर्ते दोन असतात. बटण दाबतो तो खेळणारा आणि ड्रॅगन मारतो तो नायक. नायकाला चित्त नाही, म्हणून त्याच्यावर संस्कार पडू शकत नाही; त्याचा सारा अनुभव म्हणजे एक आकडा. तरी खेळणारा 'मी मारला' असे म्हणतो आणि त्याचे म्हणणे खोटे नसते. त्याच्या कर्माचा एक वाटा त्याच्या स्वतःत आणि दुसरा वाटा ज्याला काहीच आठवत नाही अशा दुसऱ्या कर्त्याच्या आकड्यांत जातो. बॅटरी संपते तेव्हा हा दुसरा वाटा निःशेष नष्ट होतो. तेवढ्यापुरता कृतप्रणाश खरा आहे, आणि त्याचे दुःख खुळे नाही.

नागार्जुनांच्या 'मूलमध्यमककारिके'च्या सतराव्या प्रकरणात एका बौद्ध पक्षाचे मत आले आहे. त्या पक्षाने अविप्रणाश नावाचा एक धर्म मानला. कर्म हे कर्जासारखे आणि अविप्रणाश हा कर्जरोख्यासारखा: व्यवहार होऊन गेला तरी रोखा राहतो आणि त्याच्या आधाराने पुढे फेड होते. नागार्जुन हे मत मांडून तिथे थांबत नाहीत; कर्माला स्वतःचा स्वभावच नाही, ते तसे उत्पन्नच होत नाही, म्हणून नष्टही होत नाही, असे ते दाखवतात. तरी रोख्याचा दृष्टान्त खेळातली नोंद समजायला फार उपयोगी आहे, आणि तो कुठे लागू पडत नाही हे अधिक शिकवणारे आहे. माणसांमधल्या कर्जात रोखा जळला तरी घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला व्यवहार ठाऊक असतो. सज्जन माणूस फेड करतो. खेळात दुसरी बाजू म्हणजे यंत्र. त्याला रोख्यापलीकडे काहीच ठाऊक नसते. रोखा गेला की कर्ज झालेच नव्हते अशी स्थिती येते.

खेळणाऱ्यात जो वाटा राहतो त्याचे काय होते हे गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या प्रश्नाशी ताडून पाहता येते. योगाला लागलेला पण मध्येच ढळलेला साधक दोन्हीकडून बुडतो काय, असे अर्जुन विचारतो. कृष्ण सांगतो की केलेले वाया जात नाही. पुढच्या जन्मी त्याला पूर्वदेहातली बुद्धी परत लाभते आणि तो तिथून पुढे यत्न करतो. ज्ञानेश्वरांनी या जागेचा विस्तार फार जिव्हाळ्याने केला आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट'चा तिसरा भाग पुन्हा पहिल्या पातळीपासून खेळणाऱ्याला नकाशा ठाऊक असतो, कोणता राक्षस कशाला दबतो हे ठाऊक असते, कोणत्या गावात काय विचारायचे हे पाठ असते. तो पहिल्याहून पुष्कळ लवकर पुढे जातो. पण गीताही पूर्वीचे घर, नाव किंवा देह परत मिळतो असे म्हणत नाही. नऊ वर्षांच्या मुलाने भावाच्या आणि मैत्रिणीच्या नावांवरून नावे दिलेले नायकाचे सोबती परत येत नाहीत. बुद्धी येते, ती माणसे येत नाहीत.

आश्रय तिसरीकडेही असू शकतो, आणि हे 'पोकेमॉन'ने दाखवले. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये आलेल्या 'रेड' आणि 'ग्रीन' या खेळांत १५१ प्रकारचे प्राणी आहेत, पण एकाच कार्ट्रिजवर ते सगळे मिळत नाहीत. तारेने दोन यंत्रे जोडून मित्राशी अदलाबदल करावी लागते. दिलेल्या प्राण्यासोबत त्याला प्रथम पकडणाऱ्याचे नाव आणि एक क्रमांक कायम जातो. त्यामुळे स्वतःच्या कार्ट्रिजची बॅटरी मेल्यावरही मित्राच्या कार्ट्रिजमध्ये तो प्राणी पहिल्या मालकाच्या नावासह जिवंत असतो. १९९९च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये दिवसरात्र मोजणारे घड्याळही बॅटरीवरच चालवले, म्हणून त्यांच्या बॅटऱ्या लवकर संपतात. खेळ जास्त जिवंत वाटावा म्हणून घातलेल्या सोयीनेच त्याचे आयुष्य घटवले.

सगळेच नाश एका जातीचे नसतात, हेही नोंदवायला हवे. बॅटरी संपण्यात कुणाचा अपराध नाही. 'पोकेमॉन'मध्ये नोंदीसाठी जागा एकच. धाकट्या भावंडाने नवा खेळ सुरू करून तो जतन केला की थोरल्याचा जुना जातो, आणि हा अन्याय असतो, अजाणता झाला तरी. तिसरा प्रकार शिक्षेचा. १९९५मध्ये अमेरिकेत आलेल्या 'अर्थबाउंड'मध्ये नकली कार्ट्रिज ओळखण्याच्या तपासण्या आहेत. त्यांतली शेवटची लागू झाली तर अंतिम लढाईतच खेळ गोठतो आणि सर्व नोंदी पुसल्या जातात. नक्कल करणाऱ्यापर्यंत हा दंड पोचतच नाही. तो भोगतो ती कॅसेट भाबडेपणाने विकत घेणारा. कर्म एकाचे आणि फळ दुसऱ्याला, अशी ही रचना नीतीच्या कोणत्याही मापाने समर्थनीय नाही.

आज जुनी बॅटरी डाग सोडवून काढता आणि नवी डाग देऊन बसवता येते, पण काढताना वीज तुटली की नोंद जाते. म्हणून जाणकार आधी एका उपकरणाने नोंद संगणकावर उतरवून घेतात आणि नंतर ती परत लिहितात. परत लिहिलेली नोंद तीच का? कारणपरंपरा अखंड आहे एवढे पुरे मानणारा बौद्ध तिला होकार देईल. पण त्याच नोंदीच्या दोन प्रती दोन कार्ट्रिजवर लिहिल्या तर एका संतानाची दोन होतात, आणि मंत्रासोबत गेलेला अकृताभ्यागम मागच्या दाराने परत येतो. १९९४चा 'सॉनिक ३', १९९६चा 'सुपर मारिओ ६४' अशा काही खेळांनी बॅटरीशिवाय टिकणाऱ्या चिप वापरल्या. त्यांचे आयुष्य खूप मोठे असले तरी अमर्याद नाही.

कार्ट्रिजचा काळ मागे पडल्यावर एका खेळाने नोंद पुसण्याला निराळाच अर्थ दिला. योको तारो यांनी दिग्दर्शित केलेल्या २०१७च्या 'नीअर: ऑटोमाटा'च्या अखेरीस एक जवळजवळ न जिंकता येणारी लढाई आहे. त्यात जगभरच्या अनोळखी खेळाडूंची मदत मिळते आणि ती मिळाल्यावर खेळणाऱ्याला विचारले जाते की दुसऱ्या कुणा अनोळखी माणसाला अशीच मदत मिळावी म्हणून स्वतःची सर्व नोंद पुसायला तो तयार आहे काय. शांतिदेवांच्या 'बोधिचर्यावतारा'चे शेवटचे प्रकरण परिणामनेचे आहे. आपले पुण्य दुसऱ्याच्या हितासाठी वळते करणे हा त्याचा विषय. होकार देणाऱ्याची नोंद बॅटरी संपल्यावर जाते तशीच पूर्णपणे जाते. तरी याला कृतप्रणाश म्हणता येत नाही, कारण कर्त्याची संमती आहे आणि फळ नष्ट न होता दुसऱ्याच्या संतानात उमटते. ज्याला ती मदत मिळते त्यालाही लढाई संपल्यावर हाच प्रश्न विचारला जातो, आणि नकार देण्याची मोकळीक त्यालाही असते.